सातव्या दरवाज्यापाशी विहीर

मी आजवर एकच गोष्ट रचली. तीही तोंडी, आणि तीही फक्त शेवटाकडची. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि सरळसरळ खोटं बोलत होते. त्या खोट्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. उलट पुढची कितीतरी वर्षं त्या खोट्याच्या जोरावर मी मनातल्या मनात ताठ मानेने वावरले. ही मान माझ्या आत्याने एका दुपारी अर्ध्या मिनिटात कशी खाली आणली, ते सांगते.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. खोपोलीजवळच्या साजगावात कारखान्यांच्या मागे आमची चाळ होती. दोन खोल्यांचं घर, पुढे रस्ता, मागे दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांपलीकडे भाताची खाचरं. वडील एका कारखान्यात बॉयलरवर होते. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा ते ऐन तरुण होते. घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडून आले होते आणि देवांबरोबर भुतंखेतं, जादूटोणा, नवससायास सगळंच त्यांनी उंबऱ्याबाहेर काढलं होतं. मुलीने शिकलं पाहिजे, यावर ते ठाम होते. पण मी वाचनालयातून राक्षसांच्या आणि जादूगारांच्या कादंबऱ्या आणते हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "ह्या घरात आसलं वाचायचं नाय."

"मागच्या पायरीवर वाचलं तर?" मी विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "पायरी म्हंजे घर नाय."

वडील नियमाने चालणारे होते, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला मजा यायची.

तर वाचन पायरीवर चालायचं. ऐकायला तिघीजणी असायच्या. आई, मांडीवर माझा तान्हा भाऊ घेऊन. शेजारच्या खोलीतल्या काकू. त्या घाटावरच्या, नवरा ट्रक चालवायचा आणि महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असायचा. आणि माझी आत्या, तांदळाचं सूप पुढ्यात घेऊन खडे निवडत. तिघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं. पुस्तक माझ्या हातात, म्हणजे सत्ता माझ्या हातात. ऐन रंगात आलं की मी थांबायचे आणि पाणी मागायचे. तिघी एकदम उठायच्या. मला एक घाण खोड होती, बोटाला थुंकी लावून पान उलटायची. दर पानाला आत्या सुपातून मान वर करून ओरडायची, "थुका लावू नकोस गं! लोकांचं पुस्तक हाय." मी पुढच्या पानाला पुन्हा लावायचे.

आत्या ही वडिलांची पाठची बहीण. तिला कळंबच्या बाजूच्या एका गावात दिली होती. आईच्या बाळंतपणाला म्हणून ती दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. तेवढ्यात औषधाच्या कारखान्यात बायका घेताहेत असं चाळीत कळलं आणि ही कुणाला न सांगता रांगेत जाऊन उभी राहिली. काम मिळालं बाटल्यांना लेबलं लावायचं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पुढून जाणाऱ्या शंभर बाटल्यांत एक लेबल उलटं लागलेलं असलं तर ते तिलाच दिसायचं. पंधरा दिवसांत मुकादम दुसऱ्या बायकांचं काम तपासायला तिला बोलवू लागला. दोन महिन्यांचे नऊ महिने झाले. भाऊ रांगायला लागला तरी आत्या परत जायचं नाव काढेना.

तिला सासरी कुणी छळत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्यांना ज्यांना ही हकिगत सांगितली त्यांनी आधी हेच विचारलं. दारू प्यायचा का, मारायचा का? नाही. नवरा बरा माणूस होता. पाच वर्षं झाली तरी मूलबाळ नव्हतं, आणि त्या घरात तिला कुणी काही विचारत नसे, एवढंच. बियाणं कुठलं घ्यायचं, गुरं विकायची का, आज भाजी कसली करायची, काहीच नाही. साजगावात मुकादम हातातली बाटली पुढे करून विचारायचा, "बाय, हे बरोबर लागलंय का बघ." हे वाक्य ती घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवायची. आठवड्यातून तीनदा तरी.

त्या वर्षी भातकापणीच्या सुमाराला मी पाच भागांची एक कादंबरी लावली होती. एका राज्याला सात दरवाजे असतात. सातव्या दरवाज्याबाहेर आगीचा राक्षस. त्या दरवाज्याचा पहारेकरी मरतो तेव्हा त्याचं लोखंडी कडं त्याची मुलगी स्वतःच्या मनगटात चढवते. कडं हातात असेपर्यंत आग तिचं ऐकते. पण त्या कड्याची एक अट असते. ज्याच्या हातात कडं आहे त्याला दुसऱ्या कुणी हात लावला, तर लावणारा भाजतो. चार भागभर ती मुलगी एकटीच लढते, आणि चौथ्या भागाच्या शेवटी राक्षस मरतो. मग राजपुत्र येऊन समोर उभा राहतो आणि म्हणतो, आता कडं काढून टाक आणि माझ्याबरोबर राजवाड्यात चल. ती मनगटाकडे बघते. चौथा भाग तिथे संपला.

मी पाचवा भाग आणायला खोपोलीच्या वाचनालयात गेले, तर ग्रंथपाल म्हणाले, तो कुणीतरी मोहोपाड्याला नेलाय, आणतील तेव्हा मिळेल. मोहोपाडा आमच्याकडून फार लांब नाही, पण पुस्तक नेणारा माणूस सवडीने वाचणारा असावा. तीन आठवडे आम्ही त्या मुलीला दरवाज्यात उभी करून ठेवली.

त्या तीन आठवड्यांत पायरीवर जसे वाद झाले, तसे मी पुढे कुठल्याही सभेत ऐकले नाहीत. काकूंचं मत पक्कं होतं. "कडं काढावं आन् गुमान जावं राजवाड्यात. एवढा राजाचा पोरगा पाया पडतोय! बाईनं एकटीनं दारात उभं ऱ्हाऊन करायचं काय? दार राखायला कुत्रं ठेवावं." काकू महिन्यातले पंधरा दिवस एकट्या असायच्या, तेव्हा एकटीने राहण्याबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते आम्हा कुणालाच नव्हतं. पण तेराव्या वर्षी मला हे कुठून कळणार? मी त्यांच्यावर तुटून पडले. म्हटलं, तिने एवढा मोठा राक्षस मारला तो काय राजवाड्यात पोळ्या लाटायला?

"राजवाड्यात पोळ्या लाटायला मानसं आसत्यात," काकू म्हणाल्या.

आईचं भलतंच. तिला कड्याशी देणंघेणं नव्हतं. "त्या दरवाज्यापाशी तिला जेवायला कोन घालतं?" ती मला दर दोन दिवसांनी विचारायची, जणू मी तिला उपाशी ठेवली आहे. तिसरा शेवट आईनेच काढला. कडं दुसऱ्या एखाद्या पोरीला द्यावं आणि आपण आपल्या आईकडे जाऊन राहावं. तिची आई पहिल्या भागातच मेली, असं मी सांगितलं. "मग मावशीकडं," आई म्हणाली. आईचा शेवट काही केल्या बसत नव्हता, पण ती सोडायला तयार नव्हती.

मी पहिल्यापासून कड्याच्या बाजूने होते. माझं म्हणणं स्पष्ट होतं. आग जिचं ऐकते तिने ते कडं का काढायचं? पाहिजे तर राजपुत्राने भाजून घ्यावं. मी हे इतक्या जोरात म्हणायचे की खाचरात काम करणारी माणसं वळून बघायची.

आत्या मात्र बाजू घेत नसे. ती खडे निवडायची आणि मधूनच एखादा प्रश्न टाकायची. "तितं खोली बिली हाय का गं, का उन्हातच उभी?" मी म्हणायचे, लिहिलेलं नाही. मग एका सोमवारी तिने विचारलं, "आन् पानी? दरवाज्यापाशी पानी हाय का?" मला तो प्रश्न अगदी खुळा वाटला. आगीच्या राक्षसाशी लढणाऱ्या मुलीला पाण्याचं काय विचारायचं! मी सांगितलं, "पुस्तकात पाण्याचं काही नाही." आत्या म्हणाली, "बरं. मंग पुस्तक येऊ दे."

याच सुमारास आत्याच्या सासरहून निरोप आला. तिचे चुलत सासरे येऊन चहा पिऊन गेले आणि जाताना येत्या रविवारची बैठक ठरवून गेले. आमच्यात तेव्हा रिवाज असा होता की नांदण्याचा प्रश्न कोर्टात जायच्या आधी समाजाच्या बैठकीत यायचा. विहाराच्या अंगणात दोन्हीकडची माणसं बसायची, आणि त्या बाईला सगळ्यांसमोर एकदाच विचारायचे, नांदायला जाशील का? उत्तर तिने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. भावाने दिलेलं चालायचं नाही, बापाने दिलेलं चालायचं नाही. ती जे बोलेल ते लिहून घ्यायचे आणि तो विषय तिथे संपायचा. नवऱ्याचं म्हणणं एकच होतं, कारखाना सोडून घरी यावं.

रिवाज चांगला होता. पण बैठकीच्या आधी बाईच्या तोंडात काय घालायचं, हे घरोघर ठरायचं. वडिलांनी आत्याला सांगितलं, "जा म्हनतात तर जा. तू ऱ्हायलीस तर लोक म्हनतील, भैन कमावती म्हनून भाऊ धाडत नाय. मला त्ये आयकवनार नाय." वडील वाईट नव्हते. त्यांना लोकांच्या तोंडाची भीती होती आणि बहिणीच्या पगाराची खरंच हाव नव्हती. आई म्हणाली, संसार आहे, जायला हवं. काकू म्हणाल्या, चांगला नवरा सोडून बाटल्या काय चिकटवत बसायच्या? आत्या सगळ्यांना "बघू" म्हणायची.

त्यानंतर पायरीवरचा वाद बदलला. तोंडाने सगळ्या राजपुत्राबद्दल आणि कड्याबद्दल बोलत होत्या आणि डोळे सगळ्यांचे आत्याकडे. काकू म्हणायच्या, "दार राखून कुनाचं भलं झालंय?" आणि सुपाकडे बघायच्या. आत्या परत तेच म्हणाली, "पुस्तकात काय हाय ते बघू." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या घरात छापील अक्षराला फार मान. वडील म्हणायचे, अक्षराने आपण वर आलो. ज्याला वाचता येत नाही त्याला तर पुस्तक म्हणजे शेवटचा शब्द. माझी खात्रीच झाली की आत्याने स्वतःचा निर्णय पुस्तकावर सोडला आहे. मुलीने कडं काढलं तर आत्या कळंबला जाणार, ठेवलं तर राहणार. दुसरं काही असू शकेल, असं माझ्या मनातही आलं नाही. माझ्या मनात दुसरं काही येण्याची मला तशीही सवय नव्हती.

शुक्रवारी पाचवा भाग आला. मी तो छातीशी धरून साजगावच्या वाटेला लागले, पण घरापर्यंत दम निघेना. वाटेतल्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि सरळ शेवटचं प्रकरण उघडलं. राजपुत्र भाजून घेत तिचा हात धरतो, कडं ओढून काढतो, नदीत फेकतो. कडं पाण्यात पडताच ती सगळं विसरते. राक्षस विसरते, आग विसरते, बापसुद्धा विसरते. शेवटच्या अर्ध्या पानात लग्न. ती राजवाड्याच्या गच्चीत उभी राहून लांबवर दिसणाऱ्या सातव्या दरवाज्याकडे बोट करते आणि नवऱ्याला विचारते, ते काय आहे हो? राजपुत्र हसतो. समाप्त.

मी त्या लेखकाला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुस्तक मोरीत टाकून द्यावं असंसुद्धा मनात आलं, पण ग्रंथपालांची भीती होती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. पाच भाग जिच्याबरोबर चालले तिला हा माणूस बापसुद्धा विसरायला लावतो! आणि रविवारी माझी आत्या या माणसाच्या सांगण्यावरून जाणार? मी कठड्यावरून उठले तेव्हा माझं ठरलं होतं.

शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर आत्या आली, हातपाय धुऊन सूप घेऊन बसली. आई आली, काकू आल्या. मी पाचवा भाग उघडला. राजपुत्र तिची मनधरणी करत राहतो ती सुरुवातीची प्रकरणं आदल्या संध्याकाळीच वाचून झाली होती, उरलं होतं ते शेवटचंच. राजपुत्र पुन्हा म्हणतो कडं काढ, ती पुन्हा मनगटाकडे बघते, इथपर्यंत मी छापलेलं वाचलं. मग पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि सुटले.

मी सांगितलं की ती म्हणाली, मी कडं काढणार नाही. राजपुत्रा, तुला राग असेल तर तू जा, नसेल तर ये जा कर. राजपुत्र गेला. मग तिने दरवाज्याशेजारी एक खोली बांधली. चांगली दगडी, वर कौलं. आई पुढे सरकली. मी सांगितलं की दरवाज्यातून जाणारे-येणारे वाटसरू तिला तांदूळ देत, मासळी देत, कधी उपाशी राहायची वेळ आली नाही. आईने समाधानाने भावाला थोपटलं. काकू म्हणाल्या, "आन् एकटीच?" मी म्हटलं, थांबा ना, लिहिलंय पुढे. गावोगावच्या मुली तिच्याकडे आग राखायला शिकायला येत. कड्यामुळे त्यांना तिच्या अंगाला हात लावता येत नसे, पण त्या शेजारी बसून जेवत. आणि खोलीमागे, मी सांगितलं, तिने कड्याच्या जोरावर जमीन फोडली तेव्हा पाणी लागलं. गोड पाण्याची विहीर. विहिरीवर चिंचेचं झाड. उन्हाळ्यातसुद्धा तिचं पाणी आटलं नाही. समाप्त.

काकू म्हणाल्या, "कसलं बाई हे पुस्तक. लग्न नाय, काय नाय." पण डोळे पुसत होत्या. आत्या सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या अंगणात बैठक बसली. मी भिंतीला टेकून उभी होते. वंदना झाली. नवरा खाली बघत बसला होता. त्याची मला तेव्हाही थोडी दया आली, खोटं कशाला बोलू. बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "बाय, नांदाया जाशील का?"

आत्या उभी राहिली. पदर सारखा केला.

"नाय," ती म्हणाली. "माझं काम हितं हाय. त्यांना यायचं आसंल तर त्यांनी यावं. मी दार लावून घेतल्यालं नाय."

अंगणात कुजबुज सुरू झाली. तिकडचे चुलत सासरे वडिलांकडे वळून म्हणाले, भावाने शिकवलं असणार. वडिलांचा चेहरा काळवंडला. आता ते तिला गप्प बसवतात की काय, असं मला वाटलं. पण रिवाज म्हणजे रिवाज. वडील उभे राहिले आणि म्हणाले, "तिनं सांगितलं ते सांगितलं. लिवून घ्या." आयुष्यात मला वडिलांचा जो काही अभिमान वाटला, त्यातला अर्धा त्या एका वाक्याचा आहे.

नवरा आला नाही. वर्षभरात त्याने दुसरं लग्न केलं. आत्याने आमच्याच चाळीत टोकाची खोली घेतली. ती सुखात राहिली असं लिहून मोकळी झाले असते, पण ते तितकं सरळ नव्हतं. हळदीच्या वेळी तिला कुणी पुढे बोलवत नसे. एकदा टायफॉइडने ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. मी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते आणि मनात येत होतं, हे माझ्यामुळे. कळंबला असती तर आज घरात चार माणसं असती. मग ती बरी झाली, कामावर गेली, पुढे मुकादमाच्या जागेवर बसली, आणि माझी मान पुन्हा ताठ झाली. हेही माझ्यामुळेच. मी डी.एड. करून कर्जतला शिक्षिका झाले. शिक्षकखोलीत एखाद्या दुपारी विषय निघाला की मी सांगायचे, एका खोट्या शेवटाने मी एका बाईचं आयुष्य वळवलं. ऐकणारे थक्क व्हायचे. मला ते आवडायचं.

आत्याला मात्र मी कधी सांगितलं नाही. मध्यंतरी कारखान्यात पाळी सुटल्यावर प्रौढांसाठी वर्ग सुरू झाला आणि पंचेचाळिशीला टेकलेली आत्या वाचायला शिकली. पहिलं तिने वाचलं ते लेबल. घरी येऊन पोट धरून हसली. "लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, आसं लिवलंय! आन् मला वाटायचं देवाधर्माचं कायतरी हाय." पुढे ती पेपर वाचू लागली, मोठ्याने, बोट फिरवत. मला धाकधूक वाटू लागली. आज ना उद्या ते पुस्तक तिच्या हाती लागलं तर?

ते माझ्याच हाती लागलं. शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमाराला वाचनालयाने जुनी फाटकी पुस्तकं काढून टाकली. त्या ढिगात मला पाचवा भाग दिसला, पुठ्ठा सुटलेला. मी तो मागून घेतला आणि ठरवलं की आता कबूल करायचं. एका सुटीच्या दुपारी साजगावला गेले. आत्या तिच्या खोलीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आत्या, शेवटचं प्रकरण वाच. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे."

तिने सूप बाजूला ठेवलं, चष्मा लावला. अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. मी तिच्या बोटाकडे बघत बसले. कडं नदीत पडलं, लग्न झालं, गच्ची आली. सगळं वाचायला तिला चांगला अर्धा तास लागला. मग तिने चष्मा काढला.

"ह्येच व्हतं व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलेलं, ह्याच्यापरीस वंगाळ आसंल."

"म्हणजे?"

"म्हंजे काय! तू पुस्तकातलं वाचलं नवतंस, त्ये मला ठावं व्हतं की."

"कसं?" मी विचारलं.

"आगं, पान कुठं उलटलंस?" आत्या म्हणाली. "एरवी थुका लावून फाडफाड पानं उलटायचीस, मी वरडायची. त्या दिशी दोनी हातांनी पुस्तक धरून बसलीस. माझे तांदूळ निवडून झाले, तरी येकच पान! लेबल लावनाऱ्या बाईला येवढं दिसनार नाय? आन् त्ये पानी. सोमवारी मी इचारलं, पानी हाय का, तर म्हनालीस नाय. शनवारी इहीर निघाली. वर चिंच बी."

मला हसावं की तोंड लपवावं कळेना. इतक्या वर्षांची माझी ताठ मान, शिक्षकखोलीतल्या त्या सगळ्या दुपारी! मी कसंबसं विचारलं, "मग रविवारी तू नाही म्हणालीस, ते माझ्या गोष्टीमुळे नाही?"

"नाय गं. त्ये मी कारखान्याच्या रांगेत उभी ऱ्हायले तवाच ठरलं व्हतं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस? मी खोटं सांगतेय म्हणून?"

"बोलले आसते तर तू थांबली आसतीस." आत्याने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं, पण खडे निवडले नाहीत. "ठरलं व्हतं, पन तोंडातनं निघत नवतं. दादा समोर, वैनी समोर. समदी माझीच मानसं, आन् माझ्या बाजूचं कुनी नाय. आठ दीस मी निसती बघू बघू करत व्हते. आन् त्या दिशी बघितलं, येवढीशी पोर, पुस्तकाच्या आड तोंड घालून माझ्यासाठी खोटं बोलती. माझ्यासाठी इहीर खनती. मंग म्हनलं, आता बोलाया कायबी हरकत नाय."

मी रडले. शिक्षिका झालेली, दोन मुलांची आई झालेली बाई, चाळीच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. आत्याने मला रडू दिलं. मग तिने पाचवा भाग उचलला, छापलेलं पान एकदा बघितलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"ह्यातलं नको," ती म्हणाली. "तुझं वाच. इहिरीपासनं वाच."

मी डोळे पुसले आणि पुस्तक उघडलं.

"आन् या टायमाला," आत्या म्हणाली, "पानं उलटत जा."